कावजीचं नाक आणि पुण्याजवळचा कुंभार

जिगसॉ जोडणाऱ्यांचा एक ठरलेला क्रम असतो. आधी चार कोपरे, मग कडा, मग चेहरे आणि अक्षरं. आभाळ आणि समुद्र शेवटी, कारण तिथला प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखाच दिसतो. मी अलीकडे पाचशे तुकड्यांचा एक जिगसॉ जोडला. त्यात आभाळ नव्हतं, समुद्रही नव्हता, तरी सगळ्यात जास्त वेळ चेहऱ्यानेच घेतला. चित्र जुनं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. मध्ये पागोटं घातलेला एक माणूस समोर बघतोय. बाजूला लहान लहान आकृत्या आहेत, त्यांत त्याच्या नाकावर काय केलं ते पायरी-पायरीने दाखवलंय. कपाळ आणि नाक यांच्या करड्या छटा इतक्या सारख्या, की कपाळाचा तुकडा नाकाजवळ आणि नाकाचा कपाळाकडे जाऊ पाहतो.

या चित्रात तसं होणं फार चुकीचंही नाही, कारण त्या माणसाचं नाक खरोखरच त्याच्या कपाळाचं बनलेलं होतं.

जुन्या ग्रंथसंग्रहांनी आपली चित्रं सगळ्यांना वापरायला खुली केल्यापासून वैद्यकाच्या इतिहासातली अशी चित्रं कपांवर, कॅलेंडरांवर आणि जिगसॉवर छापून मिळतात. त्यात हे चित्र हमखास असतं. वैद्यकाच्या जवळपास प्रत्येक सचित्र इतिहासात ते आहे, प्लास्टिक सर्जरीच्या पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या प्रकरणात आहे. आपल्याकडे ‘प्लास्टिक सर्जरी मूळची आपलीच’ असं सांगणाऱ्या भाषणांत आणि फॉरवर्डांतही ते असतं. इतक्यांदा पाहिलेल्या चित्राकडे आपण नीट पाहायचं सोडून देतो. पाचशे तुकडे एकेक करून हातात घेताना मात्र ते पाहावं लागतं. तेव्हा लक्षात आलं, की या चित्रामागच्या जवळपास सगळ्या माणसांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. रुग्ण, चित्रकार, कोरणारा, शस्त्रक्रिया पाहणारे साहेब, पुढे तिची नक्कल करणारा सर्जन. ज्याने ती केली, त्याचं नाव मात्र कुठेच नाही.

एक पत्र

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात संपादकांना लिहिलेलं एक पत्र छापून आलं. खाली सही म्हणून फक्त बी. एल. ही आद्याक्षरं. पत्रलेखकाच्या एका मित्राने ईस्ट इंडीजमधून त्याला एक वृत्तांत पाठवला होता. युरोपात ठाऊक नसलेली, पण हिंदुस्थानात फार दिवसांपासून चालत आलेली एक शस्त्रक्रिया, ती म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावर नवं नाक बसवणं. सोबत चित्राचा ठसा होता.

पत्रात रुग्णाचं नाव ‘कावसजी’ असं आहे. लगेच पुढे तो मराठा असल्याचं आणि शेती करणाऱ्या जातीचा असल्याचं म्हटलंय. मुंबईच्या इंग्रजाला कावसजी हे नाव पारशी म्हणून परिचयाचं होतं, आणि पुढे काही लेखकांनी या माणसाला पारशी करूनही टाकलं. पण शेतकरी जातीचा, बैल हाकणारा, मराठा माणूस म्हटल्यावर मराठी कानाला वेगळंच नाव ऐकू येतं: कावजी. शिवकाळापासून आपल्याकडे हे नाव आहे. माझा अंदाज असा, की कावजीचा कावसजी कुणा कारकुनाच्या लेखणीने केला. हा अंदाजच आहे, पण या लेखात मी त्याला कावजी म्हणणार आहे.

कावजी इंग्रज फौजेत बैल हाकायचा. पत्र सांगतं, की १७९२च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला, आणि तिथे त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. त्या अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. पत्र छापलं गेलं तेव्हा कावजी मुंबईत होता आणि त्याला कंपनी सरकारकडून पेन्शन मिळत होती.

बैलांचं युद्ध

युद्धाच्या इतिहासात सेनापती आणि तोफा असतात, बैल हाकणारे क्वचित असतात. तिसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध (१७९०–९२) समजून घ्यायचं तर बैलांपासूनच सुरुवात करायला हवी. किल्ले फोडायच्या अवजड तोफा बैल ओढायचे, दारूगोळा आणि धान्यही बैलांच्या पाठीवर. मे १७९१मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला होता. पण बैल उपाशी, रोगाने पटापट मरणारे. ओढायला जनावरं उरली नाहीत म्हणून स्वतःच्याच मोठ्या तोफा नष्ट करून त्याला मागे फिरावं लागलं. त्या माघारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या, त्यांच्या बाजारात धान्य मिळालं, आणि इंग्रज फौज तगली. पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टणला पुन्हा वेढा पडला आणि टिपूला तह करावा लागला.

अशा युद्धात बैल हाकणारा माणूस शिपायाइतकाच महत्त्वाचा. त्याला निकामी करणं म्हणजे एक तोफ जागेवर थांबवणं. हात कापला की कासरा धरता येत नाही. नाक कापलं की तो परत गेला तरी त्याच्याकडे बघणारा प्रत्येक जण घाबरतो.

नाक कापणं ही काही एकट्या टिपूची शिक्षा नव्हती. चोरीसाठी, व्यभिचाराच्या संशयावरून, शत्रूची नाचक्की करण्यासाठी उपखंडात अनेक ठिकाणी नाकं कापली गेली आहेत. इंग्रजांना टिपूचं क्रौर्य दाखवणारी प्रत्येक गोष्ट छापायला हवीच होती, हेही विसरू नये. पण शिक्षेचा हेतू आपल्या भाषेला नीट कळलेला आहे. आपण ‘नाक कापलं गेलं’ म्हणतो ते अब्रू गेल्यावर. नाक वर करून चालतो, नाक मुठीत धरून शरण जातो, आणि लग्नात विघ्नं येतात ती नकटीच्याच. नाक कापलेला माणूस श्वास घेऊ शकतो, जेवू शकतो, फक्त चारचौघांत जाऊ शकत नाही. म्हणूनच जिथे नाकं कापली जायची तिथे नाकं बसवणारेही तयार झाले. ही शस्त्रक्रिया कुणाच्या हौसेतून आली नाही. तिला गिऱ्हाईक होतं.

मेण, कात आणि तूप

पत्रातला शस्त्रक्रियेचा भाग लहान आहे, पण इतका नेमका की त्यावरून ती करता यावी. मुंबई इलाख्यातले दोन डॉक्टर, थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया होताना स्वतः पाहिली होती.

आधी मेणाची पातळ चकती उरलेल्या नाकाच्या खुंटावर बसवून तिला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोडवून घ्यायची, पण सगळी नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची. या पट्टीतून रक्त वाहत राहतं, म्हणून सोडवलेली कातडी मरत नाही. ही पट्टी म्हणजे सगळ्या शस्त्रक्रियेचा प्राण आहे.

मग नाकाच्या खुंटावरचा जुना व्रण खरवडून तिथली जागा ताजी, ओली करायची. तिच्या मागे, नाकपुड्यांच्या बाजूने वरच्या ओठापर्यंत एक चीर द्यायची. कपाळाची कातडी खाली आणताना तिला अर्धा पीळ द्यायचा. नुसती खाली दुमडली तर कातडीची आतली, रक्ताळलेली बाजू बाहेर येईल, म्हणून हा पीळ. मग तिची कड त्या चिरेत बसवायची.

यात टाके नाहीत. सांधा धरून ठेवायला कात. पत्रात त्याला ‘टेरा जॅपोनिका’ हे त्या काळच्या औषधविक्रेत्यांचं भारदस्त नाव आहे, पण तो म्हणजे आपला विड्यात घालायचा खैराचा कात. पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. कात तुरट असतो आणि वाळला की कडक होतो. चार दिवस दुसरं काही नाही. मग ते काढून तुपात भिजवलेली कापडं. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यात मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली ती पट्टी कापायची, कारण तोवर नव्या नाकाला खालून स्वतःचं रक्त मिळू लागलेलं असतं. मग थोडी डागडुजी, की झालं.

हे सगळं भूल न देता. ईथरची भूल यायला अजून अर्धशतक होतं. पत्रात वेदनेबद्दल एक शब्द नाही. कावजी काही बोलला असेल, तर ते कुणी लिहून घेतलं नाही.

या पद्धतीचं मोल कळायला तिच्याशेजारी युरोपातली पद्धत ठेवून पाहावी. बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोत्सीने १५९७ साली नाक बसवण्यावर सचित्र ग्रंथ छापला. त्यात कातडी दंडावरून घेतलेली असते. ती नाकाला चिकटेपर्यंत रुग्णाला आपला हात डोक्याशी बांधून आठवडेच्या आठवडे काढावे लागत. डोक्यावर हात बांधलेल्या माणसाचं ते चित्रही प्रसिद्ध आहे, त्याचेही जिगसॉ निघतात. तालियाकोत्सीनंतर युरोपात ही कला जवळजवळ विसरली गेली. पुण्याजवळच्या माणसाला हात बांधायची गरज नव्हती. त्याने जवळची, रंगाने आणि जाडीने जुळणारी, भरपूर रक्त असलेली जागा निवडली होती.

आज त्वचेच्या कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागला, तर सर्जन अनेकदा हीच शस्त्रक्रिया करतात. कातडी कपाळाचीच, रक्तवाहिनी भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणारीच, आणि जोडपट्टी कापायची ती साधारण तीन आठवड्यांनी. मापासाठी मेणाऐवजी पुष्कळदा टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाची चांदी वापरतात. नाकाला आतून अस्तर आणि कूर्चेचा आधार द्यायचं नंतर कळलं. त्याशिवाय नवं नाक काळाच्या ओघात आक्रसतं. बाकीचा आराखडा जुनाच.

वाड्यातलं चित्र आणि कावजीचं चित्र

कावजीचं चित्र काढणारा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१मध्ये मुंबईत आला. पुण्यात कंपनीचा वकील होता सर चार्ल्स मॅलेट. त्याच्या आश्रयाने वेल्सने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रं काढली. आज आपल्या डोळ्यांपुढे नानांचा जो चेहरा येतो तो बराचसा वेल्सचा आहे. पुण्यातली आणखी एक प्रसिद्ध प्रतिमा, पेशव्यांच्या दरबारात मॅलेट तह करतोय ते भव्य चित्र, वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५मध्ये पुरं केलं. तोवर वेल्सला जाऊन दहा वर्षं झाली होती. तो १७९५मध्येच वारला.

त्या दरबारातला तह म्हणजे १७९०चा टिपूविरुद्धचा करार. ज्या युद्धात कावजी बैल हाकायला गेला, त्या युद्धाचा करार. म्हणजे एकाच चित्रकाराच्या हातून या युद्धाची दोन टोकं कागदावर आली: वर गालिचे, पागोटी, सह्या आणि शिक्के, खाली कपाळावर वण असलेला एक गाडीवान. दरबाराच्या चित्रात कोण कुठे बसलंय याच्या याद्या लोक आजही करतात.

कावजीचं चित्र वेल्सने जानेवारी १७९४मध्ये काढलं, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी. म्हणजे शस्त्रक्रिया झाली ती १७९३च्या मार्चच्या आसपास. वेल्सच्या चित्रावरून विल्यम नटर या कोरणाऱ्याने स्वतंत्र मोठा ठसाही केला, तो १७९५मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

लंडनमधल्या या कोरणाऱ्यांच्याच व्यवसायातून जिगसॉही निघाला. १७६०च्या दशकात जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्याने छापील नकाशे लाकडी फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून करवतीने कापले. मुलांनी ते जोडत भूगोल शिकावा, ही कल्पना. जिगसॉ हा शब्द तेव्हा नव्हता, या खेळाला ‘डिसेक्टेड मॅप’ म्हणजे चिरलेला नकाशा म्हणत. कपाळाची कातडी सोडवण्यासाठी ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या पत्रात हेच क्रियापद आहे. छापलेली गोष्ट कापून पुन्हा जोडता येते आणि जोडताना शिकता येतं, हे त्या पिढीच्या लंडनला चांगलं माहीत होतं. पत्रासोबतच्या लहान आकृत्यांचं कामही तेच होतं. ज्याने ही शस्त्रक्रिया कधी पाहिली नाही, त्याला ती कागदावरून जोडता यावी.

कागदावरून शिकलेला सर्जन

ती एकाने जोडलीही. जोसेफ कार्प्यू हा लंडनचा सर्जन. या वृत्तांताने त्याला पछाडलं. त्याने मृतदेहांवर ही शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करून पाहिली. हिंदुस्थानातून आलेल्या लोकांकडे चौकशी केली, त्यात निवृत्त होऊन परतलेला मॅलेटही होता. आणि योग्य रुग्णाची वाट पाहिली. पत्र छापल्यानंतर वीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, त्याने पाऱ्याच्या औषधांनी नाक गेलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याला कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं. पुढच्या वर्षी दुसरा रुग्ण, कॅप्टन लेथम. १८१६मध्ये कार्प्यूने या दोन यशस्वी शस्त्रक्रियांवर पुस्तक छापलं. १८१८मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेचं ‘ऱ्हिनोप्लास्टिक’ आलं आणि या विद्येला युरोपात नाव, शाखा, वारसा सगळं मिळालं.

या लेथमची गोष्ट कावजीशेजारी ठेवायला हवी. १८११मध्ये स्पेनमधल्या आल्बुएराच्या लढाईत आपल्या पलटणीचं निशाण शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून त्याने ते छातीशी धरून ठेवलं. त्यात त्याचं नाक गेलं आणि एक हातही. म्हणजे जखमा कावजीच्याच. लेथमच्या उपचारात इंग्लंडच्या राजपुत्राने लक्ष घातलं, पलटणीने त्याला पदक दिलं, आणि पुढे त्याचं निशाण वाचवणं चांदीच्या शिल्पात घडवून जेवणाच्या टेबलावर मिरवलं. कावजीला पेन्शन मिळाली, तीही काही कमी गोष्ट नव्हे. त्याच्या हाताचं पुढे काय झालं, एका हाताने तो काय करत असे, हे विचारायला कुणी थांबलं नाही. कुतूहलाचा विषय त्याचं नाक होतं.

तरी कावजीला निदान नाव मिळालं, बिघडलेलं का होईना, आणि चेहरा मिळाला. पत्रात कुंभार आहे तो फक्त ‘एक माणूस’.

सुश्रुताच्या सावलीत

आता आपल्या बाजूकडे येतो.

आपल्याकडे ही गोष्ट सांगितली जाते ती अशी: सुश्रुताने अडीच हजार वर्षांपूर्वी नाक बसवलं, इंग्रजांनी ती विद्या पुण्यात पाहिली आणि नेली. सुश्रुतसंहितेत नाक बसवण्याचं वर्णन आहे, याबद्दल वादच नाही, आणि ते विलक्षण आहे. नाकाच्या मापाचं झाडाचं पान घ्यायचं, त्या मापाने गालाची कातडी सोडवायची, ती नाकाच्या जागी बसवायची, श्वासासाठी दोन नळ्या घालायच्या, कापसाने झाकून तिळाचं तेल सोडत राहायचं.

हे वर्णन कुंभाराच्या पद्धतीशेजारी ठेवलं की फरक उघड दिसतो. तिथे पान, इथे मेण. तिथे तिळाचं तेल, इथे कात आणि तूप. तिथे नळ्या, इथे कापडाचे बोळे, तेही दहाव्या दिवशी. आणि मुख्य म्हणजे तिथे गाल आणि इथे कपाळ. गालाऐवजी कपाळ निवडणं हा किरकोळ बदल नाही. कपाळाला रक्त भरपूर, आणि तिथली जखम पागोट्याखाली झाकता येते. आजचे सर्जन वापरतात ते कपाळ.

म्हणजे ग्रंथ आणि कुंभार यांच्यामध्ये कुणीतरी, कधीतरी, बहुधा अनेक जणांनी, अनेक नाकांवर, चुकत सुधारत ही पद्धत घडवली. युरोपला मिळाली ती या माणसांची विद्या. कार्प्यूने सुश्रुत वाचला असण्याची शक्यताच नव्हती. मधुसूदन गुप्तांनी कलकत्त्यात सुश्रुतसंहिता छापून काढली ती १८३५-३६मध्ये, कार्प्यूच्या पुस्तकानंतर वीस वर्षांनी.

मग सुश्रुतापासून थेट कार्प्यूपर्यंत उडी मारली की मधला माणूस खाली पडतो. इंग्रजांनी त्याचं नाव लिहिलं नाही, कारण त्यांच्या लेखी तो एका जातीचा नमुना होता. आपण त्याला विचारत नाही, कारण आपल्याला ऋषी हवा असतो आणि तो विटा भाजणारा निघतो. एकाची बेफिकिरी, दुसऱ्याचा अभिमान, आणि दोन्हींचा परिणाम त्याच्यासाठी सारखाच.

त्याची जात हा इथे योगायोग नाही. रक्त, पू, कापलेलं मांस यांना हात लावणं विटाळाचं ठरलं, तसं ग्रंथ वाचणाऱ्या वैद्याच्या हातून शस्त्र गळत गेलं. नाडी, काढे, भस्मं त्याच्याकडे राहिली. चिरण्याफाडण्याची कामं ग्रंथ न वाचणाऱ्या हातांकडे गेली, न्हाव्याकडे, वैदूकडे, आणि पुण्याजवळ कुंभाराकडे. या हातांनी विद्या जिवंत ठेवली, वाढवली, पण लिहिली नाही. बापाने मुलाला दाखवलेली विद्या जोवर घर आहे तोवर टिकते.

लिहिण्याने काय फरक पडतो, याची दोन उदाहरणं देतो. पहिलं पुण्यातलंच, त्याच वर्षांतलं. गंगाराम तांबट हा चित्रकार मॅलेट आणि वेल्सबरोबर काम करत होता. त्याने वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्याची चित्रं काढली. नावावरून कळतं की तोही कारागीर जातीतला. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि त्यांच्यावर त्याचं नाव आहे. साहेबांच्या जवळ राहून कागदावर काम केलेल्या कारागिराचं नाव राहिलं. माणसाच्या चेहऱ्यावर काम केलेल्याचं गेलं.

दुसरं उदाहरण शंभर वर्षांनंतरचं. काठेवाडात दरोडेखोर लोकांची नाकं कापत होते, तेव्हा जुनागढ संस्थानातले डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शाह ती बसवत होते. १८८९मध्ये त्यांनी इंग्रजीत पुस्तक छापलं, त्यात शंभराहून अधिक रुग्णांचा अनुभव आहे. त्यांच्याकडे पदवी होती, दवाखाना होता, छापखाना होता. म्हणून आज त्यांचं नाव घेता येतं. पुण्याजवळच्या कुंभाराने आयुष्यात किती नाकं बसवली, हे मोजायला आपल्याकडे एकही ओळ नाही. वृत्तांतात म्हटलंय ते इतकंच, की ही शस्त्रक्रिया विरळ नाही आणि बहुतेक वेळा यशस्वी होते.

पंचविसावा दिवस

तरी तो अगदीच पुसला गेलेला नाही. पत्रातलं त्याचं काम पुन्हा वाचा. चार दिवस कात, मग तूप. पाच-सहा दिवस उताणं. दहाव्या दिवशी बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पट्टी. हे आकडे क्रुसो किंवा फिंडलेचे नाहीत, ते फक्त बघत होते. पंधराव्या दिवशी कापलं तर नाक काळं पडण्याचा धोका, आणि फार थांबलं तर कपाळापासून लोंबणारी वळकटी घेऊन रुग्णाने उगाच दिवस काढायचे. मधला दिवस कुणीतरी नाकं गमावून शिकलेलं आहे. मेणाची चकती सपाट करताना आकार बदलतो, तो किती सोडायचा, हेही. विटेचा आकार भट्टीत आटतो, म्हणून साचा थोडा मोठा ठेवायचा असतो. कातडीही आटते. हे दोन अंदाज एकाच हातात होते, एवढं म्हणायला मला कुणा कागदाची गरज वाटत नाही.

पाठ्यपुस्तकांत या पद्धतीला आज ‘भारतीय पद्धत’ म्हणतात. ते ऐकायला बरं वाटतं. पण तालियाकोत्सीच्या पद्धतीला तालियाकोत्सीचं नाव आहे, आणि इथे एका माणसाच्या नावाच्या जागी देशाचं नाव बसवलंय. देशाचं नाव बसलं की मग ती पद्धत सगळ्यांचीच होते, ज्यांनी कुंभाराच्या हातचं पाणी विचार करून प्यायलं असतं त्यांचीसुद्धा.

नाव आता मिळणार नाही. पण हे चित्र जिथे कुठे छापलं जातं, पुस्तकात, संग्रहालयाच्या भिंतीवर, शाळेच्या तक्त्यावर, तिथे खालची ओळ तरी नीट लिहिता येईल. हल्ली तिथे असतं: चित्रकार जेम्स वेल्स, कोरणारा विल्यम नटर, १७९५. त्याच्या आधी एक ओळ हवी. शस्त्रक्रिया: पुण्याजवळचा एक कुंभार, १७९३, नाव विचारलं गेलं नाही.